जावईबापूंचा कॅमेरा आणि धरणाचे दरवाजे

आमच्या थोरलीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. साल विचाराल तर आकडा सांगता येणार नाही, पण जुळं लक्षात आहे. एकच मूल झालं असतं तर जावईबापूंनी कॅमेरा घेतला नसता. दोन झाली, तेव्हा त्यांना वाटलं की एवढा मोठा प्रकार नुसत्या डोळ्यांनी पाहून भागणार नाही. काळा, वजनदार, पुढे लांब नळी असलेला कॅमेरा त्यांनी घेतला. तो गळ्यात घातला की माणूस थोडा वाकतो आणि थोडा महत्त्वाचा दिसायला लागतो.

त्या कॅमेऱ्याचं माझ्या हातून पुढे जे झालं ते सांगण्याआधी माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापायी झालं.

त्यांना सगळे तात्या म्हणत. सासूबाई गेल्या, मग तात्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि ते आमच्याकडे राहायला आले. जावयाच्या घरी अंथरुणाला खिळून राहायचं त्यांना जड जात होतं, आणि जड गेलं की ते माझ्याशी फार आदराने वागत. "जावईबुवा, आपल्याला त्रास होणार नसेल तर ती खिडकी जरा लावता का?" त्या "आपल्याला"ची धार ज्याला बसली त्यालाच कळेल. मी ताडपत्र्या शिवणारा माणूस. खाली शिवायची खोली, वर घर. लग्नाच्या बोलणीत तात्यांनी विचारलं होतं, "मुलगा करतो काय?" माझे काका म्हणाले, "ट्रकांवरच्या ताडपत्र्या शिवतो. लोकांचा माल झाकतो." तात्या म्हणाले, "आणि ऊन असलं की?"

स्वतः तात्या धरणावर होते. भिंतीच्या माथ्यावर एक खोली होती, तिच्यात मोठी लोखंडी चाकं. पाणी वाढलं की भोंगा वाजवायचा आणि एकेक चाक फिरवत दरवाजे वर उचलायचे. हे काम तात्यांनी नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत केलं. त्यांचे दंड म्हातारपणीसुद्धा माझ्या मांडीएवढे होते, आणि हे त्यांनी मला एकदोनदा दाखवलंही होतं.

तर त्या वर्षी पेपरात एक लहानशी बातमी आली. मी अक्षरं शिकलो ती केस पिकायला लागल्यावर, त्यामुळे पेपर वाचतो तो मोठ्याने आणि सावकाश. मी वाचलं, की धरणाचे दरवाजे आता बटणावर चालणार, जुनी चाकं आणि खोली काढून टाकणार, हा पावसाळा शेवटचा. वाचून झाल्यावर मान वर केली तर तात्या छताकडे बघत होते.

"एक राहिलं," ते म्हणाले.

"काय राहिलं, तात्या?" आमच्या हिने विचारलं.

"उघडलेले दरवाजे समोरून कसे दिसतात, ते मी कधी पाहिलं नाही."

"असं कसं? तुम्हीच तर उघडायचात."

"म्हणूनच," तात्या म्हणाले.

मग समजलं. दरवाजे उघडले की गावभरची माणसं बघायला जायची. सासूबाईही शेजारणींबरोबर जायच्या. तात्या मात्र चाकापाशी. पाणी त्यांच्या पायाखालून जायचं. खिडकीतून वाकलं तरी खाली नुसता पांढरा धूर. चाक सोडून समोर जाऊन उभं राहायची सोय नव्हती, आणि चाक सोडता यायचं तोवर दरवाजे बंद झालेले असायचे. निवृत्तीनंतर सासूबाईंच्या आजारपणात वर्षं गेली, मग खुबा. आणि आता छत.

मी बोलून गेलो, "मी फोटो काढून आणतो, तात्या."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आपण?"

एवढंच म्हणाले. पण त्या एका शब्दाने मला पुढचे तीन महिने चिखलात उभं केलं.

फोनमध्ये कॅमेरे तेव्हा आमच्यासारख्यांपर्यंत पोचले नव्हते. कॅमेरा म्हणजे जावईबापूंचा. मी आणि ही तो मागायला गेलो. जावईबापू भला माणूस. नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणताना घसा कोरडा पडतो, अशा जातीचा. एका हातावर एक बाळ होतं, दुसऱ्या हातात कॅमेरा. बाळ त्यांनी हिच्याकडे पटकन दिलं. कॅमेरा देताना वेळ लागला.

"बाबा, याला पाणी चालत नाही. थेंबसुद्धा. धूळही नाही. आणि दमट हवा."

"जावईबापू," मी म्हणालो, "जन्मभर मी दुसरं केलंय काय? माझ्या ताडपत्रीखालचं साखरेचं पोतं कधी ओलं झालेलं नाही."

"तसं नाही बाबा. साखर वाळवता येते."

साखर वाळवता येते असं ज्याला वाटतं त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ही परतताना म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड झालाय हो हा. सांभाळा." कॅमेरा मी छातीशी धरला होता. वाटेत एका बाईने विचारलं, मुलगा की मुलगी.

घरी आल्यावर कॅमेऱ्यासाठी आवरण शिवायला घेतलं. ही बातमी शेजारी कशी पोचली ते मला माहीत नाही, पण मशीन सुरू व्हायच्या आधी दारात कंपाउंडर उभे. हे दवाखान्यात गोळ्या बांधून देतात, आणि जे औषधाला लागू तेच जगातल्या सगळ्या वस्तूंना लागू, असं त्यांचं मत. ते म्हणाले, "ताडपत्री कशाला? रबरी हातमोजा घ्या. नळीवर मोजा चढवा, बोटांकडून कापा. डॉक्टर लोक माणसाच्या पोटात हात घालतात, त्यांचा हात ओला होतो का?" त्यांनी मोजाही आणला होता. चढवून पाहिला. मोज्याची बोटं खाली लोंबली आणि कॅमेरा गाय दिसायला लागला.

मागोमाग गुडघेकाका आले. त्यांचा डावा गुडघा दुखला की पाऊस येतो. वेधशाळेचं चुकतं, गुडघ्याचं नाही. ते म्हणाले, "आवरणाचं तुम्ही बघा. केव्हा जायचं ते मी सांगतो." आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या खटाटोपात वेळेवर काम केलं ते एकट्या त्या गुडघ्याने.

मी माझ्या पद्धतीने आवरण शिवलं. दुहेरी कापड, मेण लावलेला दोरा, टाक्यावर टाका. आत हिचं गजराचं घड्याळ घालून नळाखाली धरलं. घड्याळ कोरडं निघालं. बादलीत बुडवलं, तरी कोरडं. ही म्हणाली, "आता विहिरीत टाकता का?" मला ते फार लागलं नाही, कारण घड्याळ टिकटिक करत होतं.

तात्यांनी पलंगावरून आवरण हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "कॅमेरा बघणार कुठून?"

हे राहून गेलं होतं. माझ्या धंद्यात झाकलेल्या वस्तूने बाहेर बघायचं नसतं. मी पुढच्या बाजूला जाड पारदर्शक प्लास्टिकची चौकट बसवली. शिवण इतकी घट्ट की मुंगी शिरणार नाही.

मग परवानगी. धरणावर फोटो काढायला मनाई, तसा फलकच आहे. म्हणून धरणाच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी चष्मा वर केला.

"परवानगी मिळते. पण हवामान स्वच्छ असतानाच. सुरक्षेचा प्रश्न असतो."

"साहेब, हवामान स्वच्छ असलं की दरवाजे बंद असतात."

"मग बंद दरवाजांचा काढा."

"बंद दरवाजे सासऱ्यांनी पाहिलेत. तीस-पस्तीस वर्षं तेच बघत होते."

साहेबांनी विचार केला. विचार करताना ते टाचणीने कान कोरत होते, आणि माझं निम्मं लक्ष त्या टाचणीकडे. "असं करा," ते म्हणाले, "खालच्या पुलावरून काढा. पूल आमचा नाही."

पुलाच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी सांगितलं, पुलावरून फोटो काढायला कसलीच बंदी नाही. फक्त दरवाजे उघडले की पुलावर उभं राहायला बंदी आहे. मी परत पहिल्या साहेबांकडे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, कारण आता आमची ओळख झाली होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात, ते फुफाट्यातून पुन्हा आगीत.

तोडगा हिने काढला. धरणाच्या समोर, पुलाच्या अलीकडे, एक रोपवाटिका आहे. तिचा बांध उंच. "आई आणि बाकीच्या बायका तिथूनच बघायच्या," ही म्हणाली. "रोपवाल्याला विचारा. त्याच्या जागेत उभं राहायला कोणाची परवानगी?" रोपवाला म्हणाला, उभे राहा, फक्त वाफ्यात पाय देऊ नका.

मग एके सकाळी गुडघा ठणकला. मी आणि कंपाउंडर निघालो. कंपाउंडर का, तर त्यांच्याकडे दवाखान्याच्या जाहिरातीची भली मोठी छत्री होती आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते. भोंगा वाजला, दरवाजे उघडले, पाऊस कोसळत होता. मी आवरणाच्या चौकटीतून फोटो काढले, भरपूर. घरी आलो. कॅमेरा खडखडीत कोरडा. मी विजयी. मागच्या लहान पडद्यावर तात्यांना फोटो दाखवले.

तात्यांनी बराच वेळ पाहिलं. डोळे चोळले. पुन्हा पाहिलं.

"जावईबुवा, मोतीबिंदू कॅमेऱ्यालाही होतो का?"

जाड प्लास्टिक, त्यावर पाणी. सगळीकडे राखाडी लापशी. तिच्यात धरण आहे असं मी सांगितलं म्हणून मानायचं.

चौकट उसवली. पुढचं तोंड उघडं ठेवून वर टोपीसारखी झडप शिवली, ट्रकच्या काचेवर असते तशी. दुसऱ्या खेपेला मात्र आमच्या हिने घोळ घातला, आणि तोही मायेपोटी. दमट हवा नको म्हणाले ना जावई, म्हणून तिने निघेपर्यंत कॅमेरा चुलीशेजारी, जुळ्यांच्या दुपट्यात गुंडाळून ठेवला. ऊबदार कॅमेरा थंड पावसात नेला, तशी नळीच्या काचेवर वाफ धरली. बाहेरून पुसली तरी जाईना, ती आतल्या बाजूला. कंपाउंडर म्हणाले, "थंडी वाजली की त्याला बाम लावावा." मी त्यांना बाम लावू दिला नाही, एवढीच त्या दिवसाची कमाई.

पाऊस ओसरायला लागला होता. तात्यांचं खाणंही. डॉक्टर येऊन छाती तपासून गेले आणि खाली शिवायच्या खोलीत माझ्याशी हळू आवाजात बोलले. मला जे कळायचं ते कळलं. वर गेलो तर तात्या विचारत होते, "गुडघा काय म्हणतो?"

तिसऱ्या खेपेला सगळं जुळून आलं होतं. कॅमेरा थंड, तोंड उघडं, झडप ताठ, छत्री डोक्यावर. रोपवाल्याने स्वतःचं स्टूल दिलं. भोंगा वाजला. पहिला दरवाजा हलला. आणि त्याच क्षणी वारा फिरला, पाऊस तिरका होऊन थेट समोरून आला.

पुढचं मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. पाऊस आला की माल झाकायचा, ही त्या हातांना लहानपणापासूनची सवय. मला विचारायला ते थांबले नाहीत. झडप खाली, तोंड बंद, अंगातला रेनकोट काढून वरून, आणि रेनकोट उडू नये म्हणून त्यावर मी. पालथा. नाक चिखलात. वर पाऊस बदडत होता, समोर पाण्याचा असा आवाज की जमीन पोटाखाली थरथरत होती, आणि मी मनात म्हणत होतो, एक थेंब जाऊ देणार नाही. नाही गेला. मी उठलो तेव्हा भोंगा दुसऱ्यांदा वाजून गेला होता आणि शेवटचा दरवाजा खाली येत होता.

कंपाउंडर छत्रीखाली तसेच उभे. छत्री उलटी झालेली.

"तुम्ही पाहिलंत?" मी विचारलं.

"पाहिलं ना."

"कसं होतं?"

"पाणी पडत होतं," ते म्हणाले. "पुष्कळ."

घरी येऊन तात्यांना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, चिखल नाकावर होता. मला वाटलं, आता "आपण"ने सुरू होणारं काहीतरी ऐकावं लागणार. पण तात्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला भीती वाटली. मग कळलं, हसत होते. इतके हसले की हिने येऊन पाठ चोळली.

"म्हणजे तू तिथे होतास," तात्या म्हणाले, "आणि तूही नाही पाहिलंस."

लग्नापासून इतक्या वर्षांत मला त्यांनी अरेतुरे केलं ते पहिल्यांदा. मी खाली जाऊन मशीनवर उगाच एक सरळ शिवण मारून आलो.

यापुढे दरवाजे उघडतील की नाही याची खात्री नव्हती. पाणी उतरत होतं. साहेब म्हणाले, आता पुढच्या वर्षी बटणावर. तात्या दिवसातून एकदा गुडघेकाकांना वर बोलावून घेत आणि गुडघा स्वतः दाबून बघत. गुडघेकाका बिचारे ओरडत, पण ते दुखल्यामुळे की दाबल्यामुळे ते ठरवता येत नसे.

पाऊस संपला असं सगळ्यांनी मान्य केलं आणि छत्र्या माळ्यावर गेल्या, तेव्हा एका दुपारी गुडघेकाका जिन्यात बसूनच राहिले. चढवेना. "आज," ते म्हणाले. "आणि साधा नाही."

मी एकटाच निघालो. कंपाउंडरांची छत्री दुरुस्तीला होती.

बांधावर पोचलो तोवर दिवसा अंधार झाला होता. असा पाऊस मी ट्रकावर उभं राहूनही पाहिला नव्हता. भोंगा वाजला. कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर माझीच झडप. वारा ती फडाफडा काचेवर आपटत होता. बाजूला केली की पुन्हा आपटे. इतकी चांगली शिवली होती की फाटतही नव्हती. दरवाजे एकामागून एक उचलले जात होते, आणि दोन बोटांच्या फटीतून मला फक्त कडा दिसत होती. हात पुन्हा आपलं काम करायला निघाले होते. झाक, झाक, म्हणत होते.

मी खिशातून उसवायचं पातं काढलं आणि मेणाच्या दोऱ्याची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवली. आवरण वाऱ्याने नेलं. ते रोपवाल्याच्या वाफ्यांवरून उडत गेलं आणि पुन्हा कधी सापडलं नाही.

मग कॅमेरा उघड्यावर, मीही उघड्यावर. पाणी त्याच्यावरून ओघळत होतं, बटणांत शिरत होतं, ते मला दिसत होतं. एखाद्याने भर पावसात उघड्या ट्रकात साखर ओतून द्यावी, तसाच प्रकार. तरी मी बटण दाबत राहिलो. समोर सगळे दरवाजे पूर्ण वर होते. गोदामाच्या छतावरून पाच पांढऱ्या ताडपत्र्या एकदम खाली सोडल्या आणि त्या खाली पोचायच्या संपतच नाहीत, असं काहीतरी. मला याहून बरं सांगता येत नाही. कंपाउंडरांच्या "पुष्कळ"ला मनात हसलो होतो ते मी त्या दिवशी मागे घेतलं.

थोड्या वेळाने कॅमेऱ्याने खट् करायचं सोडून कुईं केलं. पडद्यावर एक रेघ आली, मग काळोख.

घरी आल्यावर कंपाउंडरांच्या सल्ल्याने कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरला. तांदूळ पाणी ओढतो. ओढलंही असेल. दुसऱ्या दिवशी कॅमेरा हलवला की आत तांदूळ वाजायला लागले, आणि आमच्या हिला दोन दिवस भाताबरोबर एकेक बारीक स्क्रू निवडावा लागला. जावईबापूंना निरोप धाडला. ते आले. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, तिरपा केला. नळीतून थोडं पाणी आणि तीनचार दाणे जमिनीवर पडले.

मग जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"बाबा, झाकला नाहीत?"

मला. हे मला विचारलं गेलं. ज्याच्या ताडपत्रीखालून जन्मात एक पोतं ओलं निघालं नाही त्याला त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर विचारलं, की झाकला नाहीत? जिभेवर बरंच आलं होतं. पण खाली पडलेले दाणे बघून मी म्हणालो, "राहून गेलं."

"राहून बिहून काही गेलं नाही," तात्या पलंगावरून म्हणाले. आवाज पार बारीक झाला होता त्यांचा. "त्याने मुद्दाम उघडला. माझ्यासाठी. भरपाई माझ्याकडून घ्या, बापू. माझ्याकडे आता कण्हण्याखेरीज काही नाही, पण घ्या."

जावईबापू खाली बसले. कॅमेऱ्याचं कुठलंसं दार नखाने उघडून त्यांनी एक लहानशी चौकोनी चकती काढली, शर्टाला पुसली, उजेडाकडे धरली. "फोटो यात असतात," ते म्हणाले. "हिला काही झालं नसेल तर बघतो." आणि कॅमेरा तसाच डब्यावर ठेवून जिना उतरले. त्यांच्या मुलांचे सगळे फोटोही त्याच चकतीत आहेत हे माझ्या ध्यानात आलं ते गेल्यावर. ते त्यांनी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. असा जावई मिळायला नशीब लागतं, हे मी तात्यांच्या पलंगाशेजारी उभा राहून मोठ्याने म्हणालो. तात्या म्हणाले, "ते खरं." माझ्याकडे बघत म्हणाले की कसं, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी जावईबापू ओलेच परत आले. फोटो स्टुडिओतून त्यांनी एकच फोटो मोठा करून आणला होता, ताटाएवढा. बाकी सगळे एकतर हलले होते किंवा नुसतं पाणी. आणताना त्यांनी तो शर्टाच्या आत, बनियनवर ठेवला होता. कोरडा होता.

आम्ही तात्यांच्या पाठीला उश्या लावल्या. हिने चष्मा पुसून दिला. तात्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला.

पहिलं वाक्य आलं ते असं, "दोन नंबरचा पूर्ण उचललेला नाही. कोण होता चाकावर?"

तात्यांची नजर हळूहळू खालून वर सरकत गेली. जिथे पाणी आपटून पांढरं झालं होतं तिथे बराच वेळ थांबली.

"एवढं," ते म्हणाले. "आणि मी यावर उभा असायचो."

मग फोटो अगदी नाकाजवळ नेला. "हे काय आहे? भिंतीवर?"

ही वाकली. "ती तुमचीच खोली ना, तात्या? ही खिडकी. आत कोणीतरी उभं आहे."

खरंच होतं. भिंतीच्या माथ्यावर बोटाच्या नखाएवढी खोली, तिच्यात पिवळ्या दिव्याची खिडकी, आणि खिडकीत एक काळा ठिपका. चाकावरचा माणूस. फोटो काढताना मला तो दिसलाही नव्हता.

तात्यांनी पुन्हा निरखून पाहिलं. मग म्हणाले, "तुझी आई घरी आली की मी विचारायचो, काय दिसलं? तर म्हणायची, तुम्ही दिसलात खिडकीत. दर वेळी तेच. मी म्हणायचो, एवढं पाणी सोडून मी कसा दिसेन? मला वाटायचं, मला बरं वाटावं म्हणून म्हणते." त्यांनी त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "दिसतो की रे माणूस."

ही पदर डोळ्यांशी नेऊन "चष्मा पुसतेय" म्हणाली, चष्मा तर तात्यांच्या डोळ्यांवर होता. जावईबापू खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. मी म्हणालो, "तात्या, काच बसवून भिंतीला लावू का?"

"नको," तात्या म्हणाले. "असू दे हातात."

चाकं आणि ती खोली पुढच्या उन्हाळ्यात काढली. तात्या त्याआधीच, थंडीच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी गेले.